पत्र्याचं गाव

उन्हाळा कोरडा गेला की इंग्लंडच्या डर्बीशायर काउंटीतलं, धरणात बुडालेलं डर्वेंट गाव बातम्यांत येतं. लेडीबोवर जलाशयाची पातळी उतरते, गाळातून घरांची जोती वर येतात, फाटकाचे दगडी खांब दिसायला लागतात आणि शेफील्ड-मँचेस्टरहून माणसं गाड्या भरभरून बघायला येतात. 1976 साली आली, 1995 साली आली, 2018 आणि 2022 सालीही आली. 2018 मध्ये तर गाळात रुतलेल्या एकाला बाहेर काढायला डोंगरी बचाव पथकाला यावं लागलं. बुडालेल्या गावाची ओढच तशी असते. उजनीचं पाणी मागे हटलं की पळसदेवच्या देवळाकडे माणसं होडीतून जातात ना, तीच ही ओढ.

त्याच खोऱ्यात, थोडं वरच्या अंगाला, आणखी एक गाव होतं. त्याचं नाव बर्चिनली. तिथे एका वेळी नऊशेच्या वर माणसं राहत होती. शाळा होती, दवाखाने होते, पोस्ट होतं, नाचगाण्याचा हॉल होता, रेल्वेचं छोटं स्टेशनसुद्धा होतं. हे गाव पाण्यात गेलं नाही. ते कोरड्या उतारावर उभं होतं आणि काम संपल्यावर पत्रे, फळ्या, खिळे काढून उचलून नेलं गेलं. कितीही दुष्काळ पडला तरी ते वर येणार नाही. मला लिहायचंय ते या गावाबद्दल.

आम्ही डर्बी शहरात राहतो. डर्वेंट नदी आमच्या शहरातूनच वाहते. तिचा उगम उत्तरेला ब्लीकलोच्या माळावर आहे. हा माळ म्हणजे मैलोन्‌मैल पीटची जमीन, शेवाळ आणि गवत कुजून शतकानुशतकं साठलेला काळा थर. पाऊस त्यात मुरतो आणि ओहोळांतून उतरतो तेव्हा पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा असतो. हे पाणी खाली एकामागोमाग एक अशा तीन धरणांत अडतं. सगळ्यात वर हाउडन, मध्ये डर्वेंट आणि खाली लेडीबोवर. शेजारच्या खोऱ्यांतल्या ॲशॉप आणि अल्पोर्ट या नद्यांचं पाणीही बोगद्यांतून वळवून इथे आणलं आहे. डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर आणि शेफील्ड या चार शहरांची तहान भागवायला 1899 साली कायदा झाला, डर्वेंट व्हॅली वॉटर बोर्ड स्थापन झालं आणि कामाला सुरुवात झाली. लेस्टर किंवा नॉटिंगहॅममधल्या मराठी घरात संध्याकाळी वरणभाताचा कुकर लागतो, त्यातल्या पाण्याचं मूळ शोधत गेलं तर वाट याच खोऱ्याकडे जाते.

आपण टीएमसीत विचार करणारी माणसं. तेव्हा सांगते, लेडीबोवर भरलं की त्यात सुमारे 2.8 कोटी घनमीटर पाणी असतं, म्हणजे जेमतेम एक टीएमसी. तिन्ही धरणं मिळून खडकवासल्याइतकंही पाणी होत नाही, आणि उजनी एकटं 117 टीएमसीचं. इथे पाऊस चार महिन्यांत सगळा कोसळून मग आठ महिने गायब होत नाही, वर्षभर थोडाथोडा पडत राहतो, म्हणून एवढ्या साठ्यावर शहरं चालतात. ज्या वर्षी तो पडत नाही त्या वर्षी डर्वेंटची जोती उघडी पडतात.

मी धरणाच्या वसाहतीत वाढले. वडील पाटबंधारे खात्यात स्टोअरला होते. उजनीचं काम 1969 ला सुरू झालं आणि 1980 ला धरण पुरं झालं. माझं लहानपण त्या कामाच्या शेवटच्या वर्षांतलं, भीमानगरच्या क्वार्टरमधलं. छताला पत्रे होते. पहिला वळीव आला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की घरातलं बोलणं थांबायचं. आई हाताच्या खुणेने सांगायची, खिडकी लाव. वसाहतीत सगळे कुठून कुठून आलेले. शेजारी सांगलीकडचे, पलीकडे विदर्भातले, समोर एक केरळी कुटुंब. ‘तुमचं गाव कोणतं?’ या प्रश्नाला मुलं पटकन उत्तर देत नसत. लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने वडिलांचं नाव लिहिलेलं होतं आणि खाली आधीच्या कामाच्या ठिकाणाचं नाव खोडून नवीन घातलेलं. त्यामुळे मी पहिल्यांदा बर्चिनलीच्या उतारावर उभी राहिले, तेव्हा बुडालेल्या गावापेक्षा हे उचलून नेलेलं गाव मला जास्त जवळचं वाटलं.

हाउडनचं काम 1901 मध्ये सुरू झालं, डर्वेंटचं त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्ही दगडी धरणं. बाहेरून घडीव दगडाचं तोंड आणि आत काँक्रीटमध्ये बसवलेले मोठमोठे धोंडे. ग्रिंडलफोर्डजवळच्या बोल हिलच्या खाणीतून दगड निघायचा, रेल्वेने बॅमफर्डला यायचा आणि तिथून फक्त या कामासाठी टाकलेल्या लोहमार्गाने वर खोऱ्यात चढायचा. असा दहा लाख टनांहून जास्त दगड वर गेला. यंत्रं होती, वाफेच्या क्रेन होत्या, पण दगड फोडणं, घडवणं, बसवणं, पाया खणणं हे हाताचं काम होतं. एवढी माणसं राहणार कुठे?

या प्रश्नाचं वाईटात वाईट उत्तर इंग्लंडने साठ वर्षं आधी जवळच दिलेलं होतं. आज डर्बीशायरच्या उत्तर टोकाला मोडणाऱ्या लाँगडेनडेल खोऱ्यात 1839 ते 1845 या काळात मँचेस्टर-शेफील्ड रेल्वेसाठी वुडहेडचा बोगदा खणला गेला. कामगारांनी उघड्या माळावर दगड रचून, वर झुडपं आणि गवत टाकून खोपटी उभारली आणि त्यात पाच-सहा हिवाळे काढले. सुमारे तीस माणसं मेली, जखमी किती झाले त्याला धरबंध नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी झटणारे सुधारक एडविन चॅडविक यांनी हिशेब मांडून दाखवलं की या बोगद्यात जिवाला मुकणाऱ्यांचं प्रमाण मोठ्या लढायांतल्या सैनिकांपेक्षा जास्त आहे. 1846 मध्ये संसदेच्या समितीने चौकशी केली, अहवाल आला, आणि मग 1849 मध्ये शेजारच्या दुसऱ्या बोगद्याच्या कामावर पटकी शिरली. अठ्ठावीस कामगार गेले. त्याच सुमारास त्याच खोऱ्यात मँचेस्टरच्या पाण्यासाठी जॉन फ्रेडरिक बेटमन धरणांची साखळी बांधायला लागले होते. वुडहेड, टॉरसाइड, ऱ्होड्सवुड, व्हेलहाउस, बॉटम्स ही आजही तिथे आहेत. शहराला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून धरणं बांधली जात होती, आणि कामावरची माणसं घाण पाण्याने मरत होती. मला यापुढे काही लिहायला सुचत नाही.

विसाव्या शतकापर्यंत थोडं शहाणपण आलं होतं. बर्मिंगहॅम शहराने वेल्समधल्या एलान खोऱ्यात 1893 पासून धरणं बांधली तेव्हा कामगारांसाठी आखीव गाव वसवलं. नवा माणूस आला की त्याला आधी वेगळ्या इमारतीत रात्र काढावी लागे, अंघोळ, कपड्यांचं निर्जंतुकीकरण, तपासणी, आणि मगच आत प्रवेश. डर्वेंटच्या बोर्डाचे मुख्य अभियंता एडवर्ड सँडमन यांच्यासमोर हे उदाहरण ताजं होतं. बर्चिनली त्याच वळणावर उभं राहिलं. नालीदार पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, आतून लाकडी फळ्यांचं अस्तर. लोक त्याला सरळ ‘टिन टाउन’ म्हणायला लागले.

या गावाचे फोटो आहेत, आणि ते मी खूप वेळ बघत बसते. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या लांबट झोपड्यांच्या रांगा, प्रत्येकीवर धुराडं, पुढे कुंपण घातलेली एवढीशी बाग. रस्त्यात एप्रन घातलेल्या बायका. शाळेच्या फोटोत चार ओळींत मुलं, पुढच्या ओळीतल्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले. घरांना नळाचं पाणी होतं, सांडपाण्याची गटारं होती, कचरा उचलला जायचा. अपघातग्रस्तांसाठी एक दवाखाना आणि साथीच्या रोग्यांसाठी लांब, वेगळा दुसरा. सार्वजनिक स्नानगृह होतं. दारूचं एकच कँटीन, तेही बोर्डाच्या नजरेखाली. पोलीस होता, मिशनवाले होते. आजूबाजूच्या जुन्या दगडी खेड्यांत त्या वेळी यातल्या किती सोयी असतील, असा प्रश्न पडतो.

आणि त्या बायका. झोपड्यांचे प्रकार ठरलेले होते. मुकादमासाठी वेगळी, छोट्या कुटुंबासाठी वेगळी आणि मोठी ती कामगारांची झोपडी. तिच्यात एक जोडपं राहायचं आणि त्यांच्याकडे एकटे कामगार खाणावळीने असायचे. म्हणजे एका बाईच्या अंगावर आपलं घर आणि वर आठ-दहा दणकट माणसांचं रांधणं, धुणं. डोंगराळ भागातला पाऊस, खडकाची धूळ आणि पायातला चिखल. ओले कपडे संध्याकाळी शेगडीभोवती टांगायचे आणि पहाटे पाळीला जायच्या आत कोरडे करून द्यायचे. धरणाच्या खर्चात हे कुठे धरलेलं नसतं. सिमेंट, दगड, मजुरी, रूळ, कोळसा यांचे आकडे मिळतात. पण हाउडनची भिंत जशी त्या दगडावर उभी आहे तशीच त्या भाकरतुकड्यावरही उभी आहे, असं मला मनापासून वाटतं.

भीमानगरच्या आमच्या वसाहतीतही असे प्रकार होते. साहेबांचे बंगले टेकाडावर, मग कारकून-मिस्त्रींच्या क्वार्टर, मग शिपायांच्या खोल्या. प्रत्येकाला नळ, प्रत्येकाला वीज. पण दगड फोडणारे वडार कुंपणाच्या बाहेर होते. त्यांची पालं माळावर, गोणपाट आणि काठ्यांची. बाप्ये घण आणि पहार घेऊन खाणीवर, बाया घमेली वाहायला, आणि लेकरं दगडाच्या ढिगाच्या सावलीत. पाणी भरायला त्यांच्या बाया वसाहतीतल्या टाकीवर यायच्या, आणि कधी कुणी भरू द्यायचं, कधी नाही. महाराष्ट्रातलं एकही जुनं दगडी धरण वडारांच्या हाताशिवाय झालेलं नाही. बर्चिनलीत मला जे पहिल्यांदा जाणवलं ते हे की इथे घण चालवणारा माणूस कुंपणाच्या आत होता. त्याच्या पोराचं नाव शाळेच्या पटावर होतं. त्याला ताप आला तर दवाखान्यात खाट होती.

याचा अर्थ बर्चिनली म्हणजे स्वर्ग होता असं नाही. घर बोर्डाचं, रस्ता बोर्डाचा, पिण्याची जागा बोर्डाच्या परवानगीची. नोकरी गेली की छप्पर गेलं. साथ पसरू नये, दारूपायी काम बुडू नये, चांगला कामगार दुसऱ्या कामावर पळू नये, हे बोर्डाच्या फायद्याचंच होतं. तरीही माणसाला माणसासारखं ठेवलं तर काम चांगलं होतं, हे कुणीतरी ओळखलं आणि त्यावर पैसा खर्च केला. याला मी मान देते. 1901 मध्ये जे जमलं ते सत्तर वर्षांनी आमच्या माळावर का जमू नये, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

हाउडन 1912 मध्ये पुरं झालं, डर्वेंट 1916 मध्ये. त्याच्या आतच बर्चिनली उतरवायला सुरुवात झाली होती. इमारती विकल्या गेल्या. खाली होप गावात त्यातली एक इमारत कितीतरी वर्षं वापरात राहिली. माणसं पुढच्या कामावर गेली, आणि 1914 नंतर कितीतरी जणांसाठी पुढचं काम म्हणजे युद्ध होतं.

आज तिथे झाडी आहे. डर्वेंट जलाशयाच्या पश्चिम काठाने रस्ता जातो, त्याच्या वरच्या बाजूला उतारावर सपाट केलेले टप्पे आहेत. मुद्दाम पाहिलं नाही तर कळत नाहीत. पाहिलं की मात्र एकाखाली एक दिसत जातात. या टप्प्यावर एक रांग, त्या टप्प्यावर दुसरी. कँटीनच्या तळघराचं दगडी बांधकाम शेवाळाखाली राहिलेलं आहे. एक माहितीफलक आहे. सायकलवाले वेगाने निघून जातात, कारण पुढे हाउडनचे बुरूज फोटोत फार छान येतात.

खालचं लेडीबोवर पुढच्या पिढीचं. मूळ आराखड्यात या खोऱ्यात आणखीही धरणं होती. पुढे ती सोडून एकच मोठं धरण बांधायचं ठरलं. 1935 ते 1943. हे दगडी नाही, मातीचं आहे, पोटात चिकणमातीचा गाभा आणि त्याखाली खडकात काँक्रीटने भरलेला खोल चर. सांडवाही वेगळाच. भिंतीच्या दोन टोकांना पाण्यातच दोन प्रचंड गोल दगडी तोंडं आहेत, चोवीस मीटर व्यासाची. जलाशय भरला की पाणी चहूबाजूंनी त्यांच्या काठावरून आत ओतलं जातं आणि बोगद्याने धरणाच्या पायथ्याशी नदीत जाऊन पडतं. स्थानिक लोक त्यांना ‘प्लगहोल’ म्हणतात. हिवाळ्यात ती वाहायला लागली की बघायला गर्दी होते. मीही जाते. पाणी त्या काठावरून पायऱ्यापायऱ्यांनी घरंगळत आत जातं आणि मधला काळोख भरत नाही.

या धरणाखाली ॲशॉप्टन आणि डर्वेंट ही दोन गावं गेली. त्यातलं ॲशॉप्टन शेफील्ड-ग्लॉसॉप रस्त्यावरचं, खानावळीचं गाव. आज तिथे उंच पूल आहे आणि गाव खालच्या गाळात कायमचं पुरलं गेलं आहे. तिथल्या मेथडिस्ट चॅपेलमध्ये 1939 मध्ये शेवटची प्रार्थना झाली. डर्वेंटच्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना 17 मार्च 1943 रोजी झाली. गावकऱ्यांना धरणाच्या खाली यॉर्कशायर ब्रिजजवळ बांधलेली नवी घरं मिळाली, चांगल्या दगडी बांधणीची. आजही लोक त्यात राहतात. चर्चच्या आवारात पुरलेल्यांची हाडं काढून बॅमफर्डच्या दफनभूमीत नेली. नदीवरचा सतराव्या शतकातला पूल, ज्यावरून लादलेली खेचरं-घोडी जायची, दगडाला नंबर घालून उतरवला आणि 1959 मध्ये हाउडनच्याही वर स्लिपरी स्टोन्स इथे पुन्हा जसाच्या तसा उभा केला. चर्चचा मनोरा तेवढा स्मरण म्हणून ठेवला होता. पाणी चढल्यावर तो जलाशयातून वर डोकावायचा, लोक पोहत त्याच्याकडे जायला लागले, धोका वाटला, आणि 15 डिसेंबर 1947 रोजी सुरुंग लावून तो पाडला.

त्या चर्चची घंटा डर्बीच्या चॅडेस्डन उपनगरातल्या सेंट फिलिप चर्चमध्ये आहे. मी त्या बाजूला भाजीला जाते, तेव्हा कधी ती ऐकू येते. ज्या गावाने पाणी देण्यासाठी आपली जागा सोडली, त्याची घंटा ज्या शहराकडे ते पाणी गेलं तिथे वाजते. पूल, हाडं, घंटा, सगळं जपून हलवलं. विस्थापनाच्या हिशेबात हे थोडं नाही. कोयनेच्या, उजनीच्या, जायकवाडीच्या धरणग्रस्तांना विचारा; कागदावर मिळालेली जमीन ताब्यात यायला किती पिढ्या गेल्या ते ते सांगतील. महाराष्ट्राने 1976 मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला तोवर कोयनेचं पाणी साठून बारा-पंधरा वर्षं होऊन गेली होती. डर्वेंटचं दुःख मला लहान करायचं नाही. पण त्या दुःखाला निदान स्मारक मिळालं, पुलाचे दगड मोजले गेले. उचलून नेलेल्या गावातलं काय मोजलं गेलं?

1943 च्या वसंतात, डर्वेंटचे लोक घरं सोडत असताना, वरच्या डर्वेंट धरणावरून ब्रिटिश हवाई दलाची लँकेस्टर बाँबर विमानं झाडांच्या शेंड्यांना लागतील इतक्या खालून घोंघावत जात होती. जर्मनीतली धरणं फोडायचा सराव चालला होता. डर्वेंटचे दोन बुरूज म्योने धरणाच्या बुरुजांसारखे, म्हणून ही जागा. 16-17 मेच्या रात्री 617 स्क्वाड्रनने म्योने आणि एडर ही धरणं फोडली. त्या हल्ल्यात मेलेल्या 53 हवाई जवानांचं स्मरण इथे दरवर्षी होतं आणि व्हायलाच हवं. परत न आलेली ती कोवळी मुलं होती. खाली पुरात सुमारे 1,600 माणसं मेली, आणि त्यात शेकडो होत्या त्या पूर्वेकडून जबरदस्तीने कामाला आणलेल्या, बहुतेक सोव्हिएत भागातल्या बायका. धरणाखालच्या छावणीत, कुंपणाच्या आत कोंडलेल्या. धरणाच्या बुरुजाखाली उभी राहिले की मला हवाई जवानांबरोबर त्याही आठवतात.

काउंटीतले बाकीचे जलाशय सांगत बसले तर लेख लांबेल. व्हेली ब्रिजमध्ये 2019 च्या ऑगस्टमध्ये टॉडब्रूकचा सांडवा पावसाने उखडला, दीड हजार माणसांना घराबाहेर काढलं, हेलिकॉप्टरने वाळूच्या गोण्या टाकल्या, धरण टिकलं. 12 जुलै 1961 चं पानशेत ऐकत मोठी झालेली पुण्याची माणसं ते दृश्य बघून त्या रात्री झोपली नसतील. इथून जवळच, यॉर्कशायरच्या बाजूला, 1864 मध्ये डेल डाइक धरण फुटून शेफील्डमध्ये 240 च्या वर माणसं मेली होती.

पण कार्सिंग्टनबद्दल सांगायलाच हवं. हे काउंटीच्या दक्षिणेचं धरण, 1992 मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते सुरू झालेलं. हिवाळ्यात डर्वेंटचं जास्तीचं पाणी पंपाने उचलून इथे साठवतात आणि उन्हाळ्यात परत नदीत सोडतात. आज तिथे शिडाच्या होड्या, आइस्क्रीम, पक्षी बघायची लाकडी घरं. शाळेच्या सहली येतात. 1983 मध्ये बांधकाम चालू असताना चार कामगार जमिनीखालच्या चेंबरमध्ये गुदमरून मेले. भरावासाठी वापरलेल्या शेल नावाच्या थराथरांच्या खडकात गंधकयुक्त खनिज होतं, त्यातून आम्ल झिरपलं, निचऱ्यासाठी घातलेल्या चुनखडीशी त्याची प्रक्रिया झाली आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचला. वास नाही, रंग नाही. पुढच्या वर्षी भरावाचा मोठा भाग सरकला आणि धरण जवळजवळ नव्याने बांधावं लागलं. भराव सरकला त्यातून अभियंते मातीच्या धरणांबद्दल खूप शिकले, त्याचे अभ्यास झाले, ते मला पटतं. ते चार जण जमिनीच्या पोटात कोणत्या हवेत उतरले हेही प्रत्येक सहलीतल्या मुलांना सांगायला हवं.

सध्या डर्वेंटच्या वरच्या खोऱ्यात साठा वाढवण्याच्या योजना पुढे येत आहेत. लोकवस्ती वाढते आहे, उन्हाळे कोरडे होत आहेत. प्रश्न खरा आहे. विरोध करणारे माळ, ओक-बर्चची जुनी रानं आणि शेतं दाखवतात; तेही खरं आहे. मला या चर्चेत कामगारांच्या वस्तीबद्दल एक ओळ वाचायची आहे.

आपल्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल डर्वेंटला गेली तर फेअरहोम्सला गाड्या लावा आणि पश्चिमेच्या रस्त्याने चालत वर जा. वाटेत टिप नावाच्या कुत्रीचं छोटं स्मारक लागेल. 1953 च्या डिसेंबरमध्ये तिचा म्हातारा धनगर मालक माळावर मेला आणि ती पंधरा आठवडे बर्फापावसात त्याच्याजवळ बसून राहिली होती. मुलांना ती गोष्ट आवडते. त्याच्या पुढे उतारावरचे टप्पे दाखवा, शाळा कुठे असेल याचा अंदाज करायला लावा. फोटोतल्या त्या शाळेच्या मुलांची नावं काहींनी शोधून काढली आहेत, कारण कुणाच्या तरी आजीने फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवली होती. तुमच्याही घरात कोयनानगरचे, भीमानगरचे, पैठणच्या वसाहतीतले फोटो असतील. बाबा स्टोअरच्या दारात उभे, पिकनिकला गेलेला स्टाफ, भिंतीवर शेवटचा दगड बसवतानाचा समारंभ. आई-वडील आहेत तोवर त्यांना विचारा आणि मागे नावं लिहा. मी माझ्याकडचे काढले आहेत. एका फोटोत कडेला घमेलं घेऊन एक वडार बाई आली आहे, आणि आईला तिचं नाव माहीत आहे, सखूबाई.